रविवारचा दाणा

काकांना एखादी गोष्ट नीट बघायची असली की ते चष्मा काढत. जाड भिंगांचा, काळ्या काड्यांचा चष्मा कपाळावर चढवायचा, वस्तू नाकाच्या शेंड्यापाशी आणायची आणि श्वास धरून ठेवायचा. मग "हं" म्हणायचं. ते "हं" आलं की निकाल लागला. त्यावर अपील नाही.

अकोल्याच्या दालमिलच्या मशीनची बोलणी चालू होती तेव्हा तिथले शेठजी एकदा हसून म्हणाले, "काका, दुनिया पाह्यासाठी चष्मा लावते अन् तुमी काढता?"

"चष्मा रस्त्यावरच्या म्हशी दिसाव्या म्हणून आहे, शेठजी," काका म्हणाले. "दाण्यासाठी डोळा आहे."

माझाही नंबर उणेच. पण मी कधी चष्मा काढून काही बघितलं नाही. स्क्रीनवर दिसायचं तेवढं मला पुरत होतं.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. मी तेरवीला गेलो नाही. काम आहे असं घरी सांगितलं, काम नव्हतं. एक गोष्ट मी नऊ वर्षं कोणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. मी मुळात फार बोलणारा माणूस नाही. न बोलणाऱ्याला लोक सज्जन समजतात, आणि त्या समजुतीचा मी पुष्कळ फायदा घेतला. आता पुरे.

आमची कंपनी म्हणजे अमरावतीच्या एमआयडीसीतलं एक पत्र्याचं शेड आणि सात माणसं. कारखान्यांत कॅमेरे बसवायचे, त्यांच्यासमोरून माल सरकवायचा आणि वाईट माल ओळखून बाजूला कसा काढायचा ते मशीनला शिकवायचं, हा आमचा धंदा. मी तिथला इंजिनीअर. काका तिथले कोण, हे मात्र शेवटपर्यंत कोणत्याच कागदावर आलं नाही. राजापेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. कंपनीचे मालक, आमचे सायेब, त्यांचा शाळेच्या ओळखपत्रापासून लग्नापर्यंतचा एकूण एक फोटो त्यांनी काढलेला. ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले, स्टुडिओच्या जागी ट्यूशन क्लास आला, तेव्हा सायेब त्यांना म्हणाले, "काका, आमच्याकडे या. भिंगं पुसाले माणूस पाहिजेच आहे."

काका आले ते स्टुडिओतलं स्टूल घेऊन. ज्याच्यावर बसवून त्यांनी अर्ध्या अमरावतीचे पासपोर्ट फोटो काढले, ते गोल, फिरणारं स्टूल. कामावर जातील तिथे ते बरोबर. अकोल्याच्या एसटीत सुद्धा.

"बाबाजी, जागा नाही," कंडक्टर म्हणायचा.

"मी घरून आणली."

"मंग याचं सामानाचं तिकीट लागंन."

"सामानावर माणूस बसते का? मी बसलो आहो नं याच्यावर. मंग हे सीट झालं. सीटचं तिकीट म्या काढलं." असं म्हणून मधल्या वाटेत स्टूल टाकून ते मूर्तिजापूरपर्यंत डुलत जायचे. वळणावर स्टूल फिरायचं आणि काकांचं तोंड एकदम मागच्या सीटवरच्या बाईकडे व्हायचं. "माफ करजो माय, रस्ता फिरला," ते म्हणायचे.

सायबांनी त्यांना पुसायला घेतलं होतं, पण पंधरा दिवसांत आमच्या ध्यानात आलं की हा माणूस पुसतो कमी आणि बघतो जास्त. कुठल्याही कारखान्यात गेलो की मी लॅपटॉप उघडून फिल्टरच्या खिडकीत शिरायचो. काका स्टूलवर बसून कॅमेऱ्याच्या दिव्याकडे बघत राहायचे.

"फिल्टर सगळ्यात शेवटी," ते म्हणायचे. "आधी उजेड, मंग काच, मंग भिंग. फिल्टर म्हणजे पावडर हो. आंघोळ न करता पावडर लावली तर दोन घंटे बरं वाटते. मंग?"

फिल्टर म्हणजे काय ते सांगायला हवं. कॅमेऱ्यातून आलेलं चित्र म्हणजे लाखो ठिपके. त्यांत काही ठिपके उगाच काळे पडतात. धुळीमुळे, उजेड कमी म्हणून, तार सैल म्हणून. ते मशीनला खरे डाग वाटतात आणि चांगला माल वाईटात जातो. म्हणून प्रत्येक ठिपक्याभोवती एक लहानसा चौकोन आखायचा, तीन बाय तीनचा किंवा पाच बाय पाचचा, त्यातल्या सगळ्या ठिपक्यांना उजळापासून काळ्यापर्यंत रांगेत उभं करायचं आणि जो बरोबर मधे येईल त्याचा रंग मधल्या ठिपक्याला द्यायचा. एकटादुकटा काळा ठिपका नाहीसा होतो. चौकोन जितका मोठा तितकं चित्र गुळगुळीत. स्क्रीनवर हे करायला एक आकडा बदलावा लागतो. तीनचा पाच. बस.

मी हे काकांना पहिल्यांदा समजावलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे मोहल्ल्यात एक जण बोंबलून राहिला अन् बाकी आठ चूप आहेत, तर हे त्याचं तोंड दाबते."

"तसंच."

"अन् तो खरं बोलून राहिला असंन तर?"

"ते मशीनला नाही कळत, काका."

"तेच म्हणतो मी. त्याले नाही समजत. तुले समजलं पाहिजे."

हे त्यांचं जुनं दुखणं होतं. स्टुडिओत ते निगेटिव्हवर पेन्सिलीनं काम करत; चेहऱ्यावरचे डाग झाकायचे, सुरकुत्या हलक्या करायच्या. एकदा एक बाप मुलीचा दाखवायचा फोटो घेऊन आला. मुलीच्या भुवईवर लहानपणी पडल्याचा वण. "हे पुसा," बाप म्हणाला. काका म्हणाले, "पुटकुळी सांगा, पुसतो. आठ दिवसांत तिचं तिलेच जाचं आहे. हा वण पोरीसंगं सासरी जाईन. म्या पुसला तर फोटोतली कोणती अन् मांडवातली कोणती?" बाप चिडून दुसऱ्या स्टुडिओत गेला. काका ही गोष्ट नेहमी इथेच संपवत. पुढे त्या मुलीचं काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि बनवून सांगायची त्यांना सवय नव्हती.

ती सवय मला होती. त्याकडेच येतो आहे.

अकोल्याच्या त्या दालमिलमध्ये आम्ही तूरडाळ निवडणारं मशीन लावत होतो. वरून डाळ घसरगुंडीवरून खाली येते, कॅमेरे तिला पडता पडता बघतात, आणि वाईट दाणा दिसला की हवेची बारीक फुंकर त्याला उडवून वेगळ्या पेटीत टाकते. मशीनवर रोज सकाळी काम सुरू करण्याआधी काकांचा एक कार्यक्रम असायचा. खिशातून ते औषधाच्या गोळ्यांची डबी काढायचे. आठवड्याच्या सात वारांचे सात कप्पे असतात ना, ती. काकूंच्या दुखण्यातली. काकू गेल्या, गोळ्या संपल्या, डबी राहिली. झाकणांवर काकांनी बारीक अक्षरात वार लिहिले होते आणि प्रत्येक कप्प्यात एकेक वाईट दाणा पाळला होता. सोमवारी खडा. मंगळवारी काळं टरफल. बुधवारी लाखोडीचा दाणा, जो तुरीत मिसळला तर भल्याभल्यांना ओळखू येत नाही. गुरुवारी जळकी डाळ, शुक्रवारी काचेचा कण, शनिवारी मातीचा गोळा. आणि रविवारी, कापसाच्या बोळ्यावर, भुंग्यानं टोचलेला एक पिवळाधमक दाणा. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. सातांत सगळ्यात देखणा तोच.

"पाव्हण्यांले आधी वाट दाखवा," काका म्हणायचे. निवडलेल्या किलोभर चांगल्या डाळीत हे सात मिसळून मशीनवर सोडायचे. सातही जण फेकलेल्या पेटीत सापडले पाहिजेत. मग काका ताटलीत बोट फिरवत एकेकाला उचलायचे, डोळ्याशी न्यायचे, "हं" करायचे आणि ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवायचे. सात "हं" झाले की गिरणीचं काम चालू. खडा, टरफल सगळ्यांना सापडतात. खरी परीक्षा रविवारची.

त्या मिलमध्ये आमची अकरा दिवस परीक्षा चालली होती. आकडा तीनवर ठेवला की सातही पाव्हणे सापडायचे, पण त्यांच्याबरोबर चांगली डाळही पेटी भरभरून उडायची. कारण हवेत चुरीची धूळ. धूळ ओढणारा पंखा होता, पण त्याच्या पिशव्या चोंदलेल्या. काका दर अर्ध्या तासानं जुन्या धोतराच्या फडक्यानं काच पुसत.

"शेठजी, दोन दिवस गिरणी बंद ठेवा," ते म्हणाले. "पिशव्या धुऊन घेऊ, नळीचं तोंड इकडून काढू. मंग पाह्यजा."

"दोन दिवस? सीझन आहे काका. मशीन तुमचं, अन् बंद माही गिरणी?" शेठजी माझ्याकडे वळले. "इंजिनीअरसाहेब, काही तुमच्या कंप्युटरमंधी होते का पाहा. नाही तर खोला हे डबडं अन् घेऊन जा."

मी पाच केला. उडणारी चांगली डाळ एकदम थांबली. शेठजी खूश. पण रविवार सापडेना. तो चांगल्या डाळीत मिसळून निघून जायचा. भोक इतकं बारीक की पाचच्या चौकोनात त्याच्याभोवतीचे पिवळे ठिपके त्याला गिळून टाकत.

"धूळ अन् भोक एक नोहे," काका मला समजावत होते. "धूळ काचीवर एका जागी बसते. भोक दाण्यासंगं चालते. जे चालते ते खरं. त्याले पुसू नको बाप्पा. दोन दिवस मागून घे, शेठजी तुह्यं ऐकतीन."

मी मागितले नाहीत.

का, याचं एखादं मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. घरी कोणी आजारी नव्हतं, नोकरी जाणार नव्हती. मे महिना होता, अकोल्यात उकडत होतं, लॉजवरचा कूलर नुसता आवाज करायचा, आणि मला घरी जायचं होतं. एवढंच.

बाराव्या दिवशी सकाळी काका फडकं धुवायला नळावर गेले. मी डबीतला रविवार काढून शर्टाच्या खिशात टाकला. त्याच्या जागी आदल्या दिवशी कच्च्या डाळीतून शोधून ठेवलेला दुसरा टोचलेला दाणा ठेवला. तसाच पिवळा, पण भोक चांगलं मोठं. पाचच्या फिल्टरलाही न पुसता येणारं. मग सायबांना आणि शेठजींना बोलावून घेतलं, आणि आकडा पुन्हा तीन करूनच जमवलं असं सगळ्यांना खोटं सांगितलं.

इथे एक सांगायचं राहिलं. मशीनची बोलणी झाली त्यानंतरच्या हिवाळ्यात काकांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आत नवी भिंगं बसली आणि जाड चष्मा गेला. दूरच्या पाट्या फडाफडा वाचता यायला लागल्या, पण जवळचं मात्र चष्म्याशिवाय दिसेना. जन्मभराचं सगळं उलटं झालं. ते सवयीनं हात कपाळाशी न्यायचे, काढायला चष्माच नसायचा. मग हसून खिशातला नवा चष्मा लावायचे. "साठ वर्षं जवळचं आपलं होतं," म्हणायचे, "आता दूरचं आपलं झालं. जमंन हळूहळू."

सात दाणे सोडले. सातही फेकलेल्या पेटीत आले. चांगली डाळ जवळपास नाहीच. शेठजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. काका चष्मा लावून ताटलीवर वाकले होते. सोमवार, हं. मंगळवार, हं. सहा "हं" झाले. सातवा येईना.

"हे रविवार नोहे," काका म्हणाले.

मी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "तोच आहे, काका."

"याचं भोक मोठं आहे."

"तुमच्या डोळ्यात नवी भिंगं बसली ना. आता सगळंच मोठं दिसणार. डॉक्टर बोलले नव्हते का?"

डॉक्टर असलं काही बोलले नव्हते. मी ते तिथल्या तिथे बनवलं. माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मलाच क्षणभर खरं वाटलं.

काकांनी दाणा पुन्हा डोळ्याशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता. रस्ता विचारणारा माणूस बघतो तसं बघितलं.

"असंन बाप्पा," ते म्हणाले, आणि दाणा रविवारच्या कप्प्यात ठेवून झाकण लावलं.

त्या दिवशी पाचच्या एसटीनं मी घरी आलो.

काका महिनाभर अकोल्यातच राहिले, मशीनवर नजर ठेवायला. रोज सकाळी सात पाव्हणे सोडायचे, सातही सापडायचे. दीड महिन्यानं माल परत आला. दूरच्या कोण्या व्यापाऱ्यानं पोती उघडून बघितली तर डाळीत टोचलेले दाणे. शेठजींनी आम्हाला बोलावलं. मी अर्धा तास आधी पोचलो आणि सगळ्यात पहिले स्क्रीनवरच्या पाचाचा तीन केला.

सायेब आले, काका स्टूल घेऊन आले. शेठजींनी मूठभर डाळ टेबलावर पसरली.

"हे काय होय, काका? रोज सकाळी ते डबी घेऊन काय करत होते तुमी?"

काकांनी डाळीत बोट फिरवलं. "चांगल्या दाळीत मले भोकं दिसत होते, शेठजी," ते हळू आवाजात म्हणाले. "चार-पाच वेळा दिसले. पर मशीन म्हणे नाही. म्या म्हटलं, डोळा नवा आहे, त्याले शिकाले वेळ लागंन. म्या डोळ्याचं नाही ऐकलं."

"दिसत होते तर सांगाव नं राजेहो! अन् डोळ्याचाच भरवसा नव्हता तर मशीनपाशी बसले कावून?"

सायबांनी मला विचारलं, "तुझ्या सेटिंगमध्ये काही नाही ना?"

"तीन आहे, सर. बघा."

त्यांनी बघितलं. तीन होता.

शेठजींना जे बोलायचं ते बोलले. ते मी लिहीत नाही. रागात होते, आणि त्यांचं नुकसान खरं होतं. शेवटी म्हणाले, "काका, आता घरी बसा. नजर गेली तुमची." काका एकटेच बोलले, "बरोबर आहे."

परतीच्या एसटीत जागा रिकामी होती. काका खिडकीशी बसले, स्टूल मांडीवर धरून. पूर्ण रस्ता त्यांनी कोण्या कंडक्टरशी वाद घातला नाही. अमरावतीला उतरताना स्टूल माझ्याकडे दिलं. "शेडमंधी ठेवजो. मले आता काय करायचं." मग ते वलगावला मुलीकडे राहायला गेले.

स्टूल अजून शेडमध्ये आहे. नवीन मुलं त्यावर बसून गोल फिरतात. मी एकदाही बसलो नाही.

काकांनंतर फिल्टर लावण्यात मी फार चांगला झालो, हे सांगायला लाज वाटते. आधी उजेड बघतो, मग काच, मग भिंग. कारखानदारांकडून दोन दिवस मागून घेतो, आणि गंमत म्हणजे बहुतेक जण देतात. पोरं म्हणतात, सर, तुमचा हात बसला. हात काकांचा आहे. कधी एखाद्या ठिकाणी चित्र असं काही स्वच्छ येतं, डाग डागाच्या जागी आणि धूळ कुठेच नाही, की मी आपोआप डावीकडे वळतो. तिथे स्टूलवर कोणी नसतं. मला तारीफ नको असते. ते एक "हं" पाहिजे असतं.

काका जिवंत असताना मी वलगावला एकदा गेलो होतो. त्या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. खरा रविवार पाकिटात घेऊन. काका ओसरीत खुर्चीवर बसले होते. मला बघून इतके आनंदले की मुलीला दोनदा चहा मांडायला लावला. त्यांच्यापुढे ताटात तूरडाळ होती, निवडायची. पण ते निवडत नव्हते.

"हे पाह्य बरं जराक," ते म्हणाले. "ताई म्हणते बाबा तुमी निवडा, टाइमपास होते. पर मले आजकाल भरवसा नाही वाटत. डाग दिसला तर वाटते, हा डाग आहे का माहा डोळा?"

मी ताट मांडीवर घेतलं. मी निवडत होतो, ते माझी बोटं बघत होते.

"एक विचारू?" ते म्हणाले. "त्या दिवशी म्या म्हटलं होतं नं, हे रविवार नोहे म्हणून. तो रविवारच होता नं?"

पाकीट माझ्या मागच्या खिशात होतं. मी त्यावरच बसलो होतो.

"हो काका," मी म्हणालो. "तोच होता."

त्यांनी मान हलवली. "मंग बरं झालं. उगाच तुह्यावर शक आला असता माहा." आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू होता म्हणून समजलं, नाही तर मी डोळ्याच्या घमंडीतच मेलो असतो."

मी चहा पिऊन निघालो. पुन्हा गेलो नाही.

परवा गेलो. तेरवी होऊन पाच महिने झाल्यावर. ताई ओसरीतच बसल्या होत्या, पुढे ताट. मला ओळखायला थोडा वेळ लागला.

"भाऊ, आता आले तुमी? बाबा लय आठवण काढत होते तुमची. म्हणत, त्याच्यावानी खरं तोंडावर बोलणारा पोट्टा पाह्यला नाही."

मी खाली सतरंजीवर बसलो आणि सांगितलं. आकडा, डबी, खिसा, भिंगाची बनवलेली गोष्ट, शेठजींसमोरचा तीन, याच ओसरीतलं "हो काका". सगळं ओळीनं. आयुष्यात मी इतकं सलग बोललो नव्हतो. ताईंचे हात ताटात थांबले होते. मधे त्यांनी एकदाही मला अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं झालं असतं.

संपल्यावर त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. आल्या तेव्हा हातात ती डबी होती. रविवारचं झाकण उघडून त्यांनी दाणा तळहातावर घेतला आणि रिकामा हात माझ्यापुढे केला. मी पाकिटातून खरा रविवार काढून दिला. नऊ वर्षांत तो थोडा तांबूस झाला होता, इतकंच.

दोन तळहातांवर दोन दाणे घेऊन त्या दाराच्या उजेडात उभ्या राहिल्या.

"हे दोनी अलग आहेत," त्या म्हणाल्या. "एवढं तं मलेही दिसून राहिलं."

"हो."

"मंग बाबांले नसंन दिसलं का?"

"दिसलं होतं, ताई. त्यांनी तिथेच सांगितलं होतं."

"मंग मानलं काहून त्यायनं?"

"मी सांगितलं म्हणून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. काकांसारखंच बघणं, फक्त त्यात रस्ता विचारणं नव्हतं. मग त्यांनी मोठ्या भोकाचा दाणा अंगणात फेकून दिला. खरा रविवार त्याच्या कापसावर ठेवला, झाकण दाबलं आणि डबी पदराआड धरली.

"गाईचं दूध काढाचं आहे मले," त्या म्हणाल्या. चहाचं विचारलं नाही. दोन पावलं जाऊन थांबल्या, आणि वळून पायानंच डाळीचं ताट माझ्याकडे सरकवलं.

"तवर हे निवडून ठेवा. नीट पाह्यजा."

मी ताट पुढे ओढून घेतलं, आणि चष्मा काढला.